सतरा नंबरची वात

आमच्या काकांचा नोकरीत एकतीस वर्षांत एक खाडा नाही. इथूनच सुरुवात केलेली बरी, कारण पुढचं सगळं त्या एका गोष्टीवरच उभं आहे.

काका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत होते. तळघरात, वाफेच्या इस्त्रीवर. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे डगले, पेशंटचे ते मागून नाड्या बांधायचे झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. दिवसभर तळघरात वाफेत उभं राहायचं आणि सुट्टी झाली की लिफ्टने थेट गच्चीवर. का, तर गच्चीवर त्यांच्या मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या. इस्पितळाच्या गच्चीवर माश्या पाळायला मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिलीच कशी, हे कोणाला कधी कळलं नाही. लोक म्हणायचे, डगल्याची कॉलर काकांसारखी दुसऱ्या कोणाला बसवता यायची नाही, म्हणून डॉक्टरसाहेब काही बोलले नाहीत.

काकांनी लग्न केलं नाही. त्यांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, तिचंही राहूनच गेलं. दोघं दोन खोल्यांत राहायची. आत्या शिवणकाम करते. त्याच इस्पितळाच्या फाटक्या चादरी, उसवलेले झगे घरी आणून नीट करून देते. ती डावखुरी. शाळेत तिने उजव्या हाताने लिहावं म्हणून मास्तरांनी जंग जंग पछाडलं, शेवटी हात बदलला नाही, शाळाच सुटली.

आणि तिला माश्यांची भीती. भीती म्हणजे कसली, गच्चीवर एकदाही गेली नाही ती. काका वरून आले की त्यांना दारातच थांबवायची.

"दादा, झटक आधी. गळ्यापाशी बघ, एखादी आली असेल."

"आली असेल तर चहा पाज तिला. पाहुणी आहे."

"तूच पाज. आणि तिकडेच राहा दोघं."

रोजचं होतं हे. रोज तेच बोलायची आणि रोज दोघं हसायची.

घरात माश्या आल्या नाहीत पण माश्यांचा पसारा आला. पलंगाखाली मेणाचे गोळे. स्वयंपाकाच्या ओट्यावर काकांचं एक वेगळं पातेलं, त्याला कोणी हात लावायचा नाही, कारण त्यात मेण वितळायचं. मागच्या वर्षी काकांनी एक जुनी चादर घरी आणली. इतकी धुतलेली की मागे वर्तमानपत्र धरलं असतं तर वाचता आलं असतं. तिचे उभे धागे एकेक करून ओढत बसले. आठवडाभर. मग आत्याला म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत. ह्याच्या वेण्या घालून दे. तीन पदरी. घट्ट नको आणि सैलही नको."

"कशाला?"

"लागतात."

काका असे होते. एका शब्दात काम होत असेल तर दुसरा खर्च करायचे नाहीत. आत्याला वाटलं पोत्यांची तोंडं बांधायला असतील. चाळीस वेण्या घातल्या बिचारीने, बोटं दुखली म्हणून दोन दिवस दादाला ऐकवलं, आणि विसरून गेली.

आता मधपाळांच्या क्लबाचं सांगायला हवं. गावात माश्या पाळणारे असे पंचवीस-तीस जण. कोणी टपालवाला, कोणी भाजीवाली, कोणी बँकेत. वर्षातून एकदा क्लबाच्या हॉलमध्ये त्यांची स्पर्धा असते. लांब टेबलं, त्यांवर पांढरे कागद, आणि प्रत्येकाच्या नंबरापुढे त्याने आणलेली वस्तू. मधाची बाटली, मेणाची वडी, मेणबत्त्यांची जोडी. नाव कुठेच नसतं, फक्त नंबर. परीक्षक बाहेरगावचे बोलावतात. कुठला नंबर कोणाचा हे एकट्या सचिवबाईंना माहीत.

काकांना वेड होतं मेणबत्त्यांचं. अकरा वर्षं ठेवत आले, अकरा वर्षं दुसरे नाहीतर तिसरे. पहिलं बक्षीस दरवर्षी नळभाऊंना. नळभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले प्लंबर, काकांचे जिवलग आणि काकांचे दुश्मन, दोन्ही तेच. काकांची कार्डं बिस्किटांच्या डब्यात होती. प्रत्येकावर परीक्षकाचा एका ओळीचा शेरा. वात जाड. वात बारीक. धूर. वात जाड. ओघळ. परत धूर. काका घरी येऊन कार्ड डब्यात टाकायचे, बूट काढायचे, आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

दरवर्षी ते दोन मेणबत्त्या घेऊन जायचे आणि येताना एक आणायचे, तीही नंतर पातेल्यात वितळवून टाकायचे. आत्याने एकदा विचारलं, "दुसरी कुठाय?"

"तिथेच राहिली."

क्लबवाले ठेवून घेत असतील, असं आत्याने धरलं. परत विचारलं नाही.

मग काका गेले. इस्त्रीवरच. सकाळी पहिली चादर घातली, जरा बसतो म्हणाले, आणि बसले ते बसलेच. हजेरीपुस्तकात सही करून झाली होती. म्हणजे तो दिवससुद्धा भरला.

दोन महिन्यांनी सचिवबाई घरी आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या पूर्वी, अजून बोलतात तशाच, खडू हातात असल्यासारख्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "तुमच्या भावाने यंदाचा अर्ज आधीच भरून ठेवला होता. तिन्ही वस्तूंचा. नंबर सतरा."

आत्या म्हणाली, "मग काढून टाका ना आता."

"नाव मागे घ्यायची तारीख गेली. टेबलावर जागा आखून झाली. मुद्दाम सांगायला आले, कारण तुम्ही कदाचित बघायला याल आणि अचानक समोर दिसलं तर वाईट वाटेल. वस्तू आली नाही की त्या जागेवर आम्हाला कार्ड ठेवावं लागतं."

"कसलं कार्ड?"

"गैरहजर."

आत्याच्या हातात सुई होती ती तिने कपड्याला टोचून ठेवली. "दादाच्या नावापुढे गैरहजर?"

"नावापुढे नाही, नंबरापुढे. तो नंबर कोणाचा हे फक्त मला माहीत."

"आता मलाही माहीत झालं ना."

मग आत्याने विचारलं, "मी आणून ठेवलं तर?"

सचिवबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नियमांची अख्खी वही त्यांच्या डोक्यात असते, तिची पानं उलटत असाव्यात. "माश्या त्यांच्या. मेण त्यांच्या पेट्यांतलं. घरच्या माणसाने हातभार लावू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. पण तिन्ही जागा भरायला हव्यात. दोन भरल्या तर तिसरीवर कार्ड येणारच."

"किती दिवस आहेत?"

"पंधरा."

आत्याला त्यातलं काही म्हणजे काहीच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नळभाऊंकडे गेली. दोन महिने काकांच्या पेट्या तेच बघत होते. ते कोणाच्या तरी मोरीत अर्धे आत गेलेले, नुसते पाय बाहेर. आत्या त्या पायांशी बोलली. सगळं सांगितलं. पाय स्तब्ध झाले. मग आतून आवाज आला, "ताई, तुम्ही? गच्चीवर? तुम्ही तर मधाची बाटलीसुद्धा लांबून बघता."

"मला नेणार की नाही तेवढं सांगा."

"नेतो की. पण माझ्याविरुद्ध उभं राहायला मीच मदत करायची म्हणजे कमाल झाली."

"तुम्ही अकरा वर्षं पहिले येताय. एवढं घाबरू नका."

आतून हसण्याचा आवाज आला, आणि मग नाक ओढल्याचा.

काकांचा गच्चीवर घालायचा पांढरा डगला आत्याला पायघोळ झाला. बाह्या दुमडून सेफ्टी पिना लावल्या. डोक्यावर जाळीची टोपी, हातात जाड मोजे. लिफ्टमध्ये एक नर्स होती, तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही विचारलं नाही. गच्चीचं दार नळभाऊंनी उघडलं. ऊन, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि कोपऱ्यात चार पेट्या, फिकट निळ्या. झग्यांच्या शिलाईच्या दोऱ्याचा जो निळा असतो, तोच रंग. आत्याला तो रंग तिथे बघून कसंतरी झालं.

नळभाऊंनी धुराच्या भांड्याने दोन फुंकरी मारल्या आणि झाकण काढलं.

आत्या पळून जाणार होती. तसं तिने मनात ठरवलंच होतं, झाकण उघडलं की दाराकडे. पण तो आवाज आला. तो गुणगुणण्यासारखा नव्हता. तळघरात दहा इस्त्र्या एकदम चालू असल्या की जमिनीतून जसा येतो, तसा. पायाला कळणारा. ती जागची हलली नाही. नळभाऊंनी एक चौकट उचलून उन्हात धरली. चौकटीवर माश्याच माश्या, एकीवर एक, आणि एकही रिकामी नाही. कोणी भरतेय, कोणी झाकतेय, कोणी नुसती पंख हलवून वारा घालतेय. मध्येच एक जण आली, पायांना पिवळ्या परागाच्या पिशव्या, आणि बाकीच्यांनी तिला वाट करून दिली. इतकी घरं, सगळी सहा कोनांची, एक वाकडं नाही. आत्याने जन्मभर शिवण घातलेली, सरळ रेघ मारायला काय लागतं ते तिला ठाऊक. तिच्या तोंडून एवढंच आलं, "फूटपट्टी कुठाय ह्यांची?"

"नाहीये," नळभाऊ म्हणाले. "अंधारात करतात."

"अंधारात?"

"पेटीत खिडकी असते का ताई?"

बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना कळलं असेल का हो? दादा येत नाही ते?"

नळभाऊंनी चौकट हळूच खाली ठेवली. "खरं सांगू? ह्या हंगामात कामकरी माशी दीड महिना जगते. फार फार तर. दोन महिने झाले त्याला जाऊन. ह्या पेटीत राणी सोडली तर त्याला पाहिलेली एकही नाही."

"आणि हा मध?"

"बराचसा ह्यांच्या आधीच्यांचा. ठेवून गेल्या. ह्या नुसत्या सांभाळतायत."

आत्याने हातमोजा काढला. नळभाऊ "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिने उघडा डावा हात पेटीच्या कडेवर ठेवला. एक माशी बोटावर चढली, नखापर्यंत चालत गेली, आणि तिथून उडाली. चावली नाही. आत्या सांगते, तिचं वजन लागलं नाही, नुसते पाय लागले.

त्या दिवशी दोन चौकटींचा मध निघाला. एक बाटली भरली. पहिली जागा झाली.

मेणाच्या वडीचं मात्र फसलं. काकांच्या पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण, इथपर्यंत तिने बरोबर केलं. जुन्या अभ्र्यातून गाळलं, वाडग्यात ओतलं. पण तिला वाटलं लवकर थंड झालं तर बरं, म्हणून खिडकीत ठेवलं, वाऱ्यावर. सकाळी वडीला मधोमध तडा. नळभाऊ बघून म्हणाले, "मेणाला घाई चालत नाही. तुमचा दादा तर वडी गोधडीत गुंडाळून ठेवायचा रात्रभर, पोर निजवावं तशी."

"मला कोण सांगणार?"

"परत वितळवा."

तीनदा वितळवलं. तिसऱ्यांदा तडा बारीक आला, केसाएवढा. आत्या म्हणाली, "राहू दे. तडा गेलेली का होईना, हजर तर आहे."

राहिल्या मेणबत्त्या. त्या तिने केल्या नाहीत, करायची गरज नव्हती. काकांच्या ट्रंकेत, स्वेटरखाली, मऊ फडक्यात गुंडाळलेली जोडी होती. जायच्या आठवड्यातच ओतलेली. आत्याने फडकं सोडून बघितलं. दोन्हींवर पांढरी पांढरी साय. बुरशीच लागली असं वाटून ती गरम पाणी आणि साबण घेऊन बसली. नशीब नळभाऊ तेवढ्यात जिना चढून आले.

"ताई! काय करताय काय!"

"बुरशी धुतेय."

"बुरशी नाही ती. मेण जुनं झालं की अंगावर अशी साय धरतं. नुसत्या फडक्याने पुसा, हळू. आणि उघड्या बोटांनी धरू नका, ठसे उमटतात."

आत्याने पुसलं. सायीखालून जो रंग वर आला तो तिने आधी कधी बघितलाच नव्हता, कारण काकांच्या मेणबत्त्या ती नेहमी फडक्यात गुंडाळलेल्याच बघायची. दाट, पिवळा. खिडकीजवळ नेल्या की आत उजेड शिरतोय असं वाटायचं. दोन्ही तंतोतंत सारख्या. नळभाऊ बराच वेळ बघत राहिले, आणि चहा न घेता उठून गेले. ते चहा सोडत नाहीत कधी.

हेच काय ते काकांच्या हातचं उरलं होतं. मध माश्यांचा, वडी आत्याची, पण मेणबत्त्या काकांच्या. आत्याने मनाशी ठरवलं, स्पर्धेहून आल्यावर ही जोडी कपाटात काचेमागे ठेवायची. क्लबवाल्यांनी एक मागितली तर द्यायची नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिने तिन्ही वस्तू सतरा नंबरापुढे मांडल्या आणि बाहेर जायला वळली, तर सचिवबाईंनी दंड धरला.

"आमची मदतनीस तापाने आडवी आहे. परीक्षकांबरोबर ओलं फडकं आणि पाणी घेऊन फिरायला कोणीतरी हवं. बाहेरचे सगळे स्पर्धक आहेत."

"मी तर त्यांतलीच..."

"तुम्ही अर्ज भरलेला नाही. एकच लक्षात ठेवा. तोंड बंद. कुठला नंबर कोणाचा हे नुसत्या चेहऱ्यावरून जरी परीक्षकांना कळलं तर तो नंबर बाद. तिन्ही वस्तू बाद. मग मला तिथे दुसरं कार्ड ठेवावं लागेल, आणि ते गैरहजरपेक्षा वाईट आहे."

दारं लागली. आत फक्त तिघं. परीक्षक उंच, किडकिडीत, चष्मा दोऱ्याला बांधलेला, हातात पांढरे मोजे. बोलणं जवळजवळ नाहीच. मधाची बाटली उचलायचे, खालून छोटी बॅटरी लावायचे, झाकण उघडून आधी वास, मग काचेच्या काडीने थेंबभर जिभेवर. आत्या पाण्याचा पेला पुढे करायची. सतरा नंबरच्या बाटलीला बॅटरी लावली आणि ते थांबले. वाकले. आत मध्यभागी, मधात अडकलेलं काहीतरी, पापणीच्या केसाएवढं. सचिवबाईंना सांगितलं, "लिहा. माशीचा पंख."

आत्याने खाली बघितलं. आपल्या चपलांकडे.

वडीपाशी त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. "लिहा. घाई."

आत्याला वाटलं, ह्या माणसाला घरातलं सगळं दिसतंय.

मग मेणबत्त्यांचं टेबल. आठ जोड्या. परीक्षकांनी सगळ्या जवळून पाहिल्या, उंची मोजली, पालथ्या करून बूड बघितलं. मग सचिवबाईंना म्हणाले, "पंखा बंद करा. खिडक्या लावा." आणि खिशातून काडेपेटी काढली.

आत्याला तोपर्यंत कळलं नाही. पहिल्या जोडीतली एक त्यांनी उचलून स्टँडवर लावली आणि काडी ओढली, तेव्हा कळलं. दोन न्यायचे आणि एक आणायचे. अकरा वर्षं. तिथेच राहिली, म्हणजे जळली.

आठ जोड्यांतली सतरा नंबर पाचवी. एक पेटली, दुसरी पेटली. तिसऱ्या जोडीतली धूर सोडायला लागली. चौथी नळभाऊंची असावी, ती छान जळत होती. आत्याच्या हातातलं ओलं फडकं टपटप गळत होतं तिच्याच पायावर. ओरडावंसं वाटत होतं. अहो ती नका, ती त्याची शेवटची आहे, दुसरी कोणी करणार नाही आता. तोंड उघडलं की सतरा बाद. नाही उघडलं की डोळ्यांदेखत वितळणार. सचिवबाई तिच्याकडे बघत होत्या, डोळे मोठे करून, मान अगदी थोडी नाही नाही हलवत.

परीक्षकांनी सतरा नंबरची एक मेणबत्ती स्टँडवर लावली. वातीच्या टोकावर मेण होतं ते काडीच्या मागच्या टोकाने खरवडलं. वात उघडी पडली.

आणि आत्याने वेणी बघितली.

तीन पदरी. घट्ट नाही आणि सैलही नाही. आणि एका अंगाला जराशी दाबलेली, कारण डावा हात पदर असाच ओढतो. आपली शिवण जशी माणसाला हजारांत ओळखू येते, तशी तिला ती वेणी ओळखू आली. चाळीस वेण्या. पोत्यांची तोंडं बांधायला म्हणून घातलेल्या. वात जाड, वात बारीक, धूर, ओघळ, आणि अकरा वर्षांनी दादाने चादर आणली होती. इस्पितळात शेकडो वेळा उकळलेली, ज्यात खळ उरली नाही, रंग उरला नाही, काहीच उरलं नाही, नुसतं सूत. आणि ते सूत त्याने तिच्या हातात दिलं होतं.

तिने तोंड मिटलं. ठरवून मिटलं.

काडी लागली. आधी ज्योत लहान झाली, अगदी विझल्यासारखी. मग उभी राहिली. सरळ. उरलेल्या तीनही पेटल्या. हॉलमध्ये आता आठ ज्योती होत्या, सात जरा जरा हलत होत्या, कोणाचा श्वास लागला तरी. ही हलत नव्हती. धूर नाही. मेणाची छोटी वाटी तयार झाली आणि काठोकाठ भरून राहिली, पण ओघळली नाही. वातीचं टोक हळूच वाकलं, ज्योतीच्या किंचित बाहेर डोकावलं, आणि तिथे आपलं आपण जळून गेलं. जेवढं मेण वितळत होतं तेवढंच वात पीत होती, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. आणि वास यायला लागला. मधाचा, उन्हाचा, आणि आत्या शपथेवर सांगते, ताज्या इस्त्रीचा.

अर्धा तास बघायचा नियम आहे. अर्धा तास झाला. परीक्षकांनी बाकीच्या सात विझवल्या. मग स्टूल ओढलं, सतरा नंबरसमोर बसले, चष्मा काढून हातात धरला. त्या माणसाच्या तोंडावरचं सगळा करडेपणा गेला होता. सचिवबाई पेन घेऊन उभ्या. "काय लिहू सर?"

ते ज्योतीकडेच बघत होते. बाईंनी परत विचारलं, "शेरा?"

"शेऱ्याची जागा रिकामी ठेवा," ते म्हणाले. "सांगण्यासारखं काही नाही ह्यात." आणि आणखी थोडा वेळ बसून राहिले.

दारं उघडली तेव्हा सगळे आत घुसले. नळभाऊ आधी मेणबत्त्यांच्या टेबलाकडे, नेहमीसारखे. स्वतःच्या नंबरापुढे दुसरा बघितला. सतरापुढे पहिला. कार्ड उचललं, मागून पुढून बघितलं, शेरा कुठे सापडेना. "अरे लबाडा," एवढंच म्हणाले, त्या कार्डाला. आणि खिशातलं पाइप पुसायचं कळकट फडकं काढून तेच डोळ्यांना लावलं.

आता नंबर सांगायला हरकत नव्हती. परीक्षकांनी विचारलं, "सतरा नंबर कोण? मला त्यांना भेटायचंय. वात कुठली वापरली ते विचारायचंय. तीस वर्षं मी मेणबत्त्या तपासतोय, अशी वात बघितली नाही."

सचिवबाई म्हणाल्या, "ते आता नाहीत."

"म्हणजे गेले घरी?"

तेव्हा आत्या, ओलं फडकं तसंच हातात घेऊन, पुढे झाली. "दादा गेला. पण वात मला माहीत आहे. मी घातलीय ती."

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. सकाळपासून ती बाई त्यांना पाणी देत होती. त्यांनी मोजा काढला आणि तिला वाकून नमस्कार केला. आत्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तिने त्यांना पाण्याचा पेलाच पुढे केला.

हॉलचा म्हातारा राखणदार दाराशी उभा होता. तो म्हणाला, "बाई, जळलेली मेणबत्ती मला देऊन जायचे तुमचे दादा. दरवर्षी. दिवे गेले की माझी म्हातारी लावते." आत्याने अर्धी जळालेली ती मेणबत्ती दोन्ही हातांनी उचलली. क्षणभर छातीशी धरली. वाटत होतं देऊ नये. मग दिली.

"ह्या खेपेची जपून लावा," म्हणाली. "लवकर संपायची नाही."

दोन मेणबत्त्या नेल्या होत्या, एक घेऊन घरी आली. कार्डं बिस्किटांच्या डब्यात टाकली, पंखाचंही आणि घाईचंही. चपला काढल्या. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी म्हणायचंय आणि ऐकायला कोणी नाही. तरी म्हणाली.

"पुढच्या वर्षी."

आठ दिवसांनी नळभाऊ आले. आत्या खिडकीपाशी बसून एका विरलेल्या चादरीचे उभे धागे ओढत होती. दारातच तिने त्यांना थांबवलं, कारण ते गच्चीवरून आले होते.

"झटका आधी. गळ्यापाशी बघा."

"आली असेल तर..." नळभाऊ बोलता बोलता थांबले. पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं. घसा खाकरून म्हणाले, "ताई, एक काम होतं. दोन वेण्या मलाही घालून द्या ना. दोनच. घट्ट नको, सैलही नको."

आत्याने शिवणाच्या डब्यातून क्लबाचा पुढच्या वर्षीचा अर्ज काढून त्यांच्यापुढे धरला. नावाच्या रकान्यात, डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरात, तिचं नाव भरलेलं होतं. तिन्ही वस्तूंसमोर खुणा.

"मी काय वेडी आहे नळभाऊ, दुश्मनाला वात द्यायला?" ती म्हणाली. "बसा. चहा घ्या."